चाळीस वर्षांनी ऐकू आलेली तबकडी

तिफण आपल्यापैकी बहुतेकांच्या ओळखीची आहे. वर चाडे, त्याला जोडलेल्या तीन नळ्या, खाली तीन फण, आणि चाड्यावर मूठ धरून बेताबेताने बी सोडणारी बाई. हे औत आपल्याकडे इतके जुने, की ते कोणी शोधून काढले असा प्रश्न कुणाच्या मनात येत नाही. इंग्लंडात मात्र या प्रश्नाचे ठरीव उत्तर आहे. तिथल्या शाळेतला मुलगा सांगेल, जेथ्रो टल. हा बर्कशायर परगण्यातला शेतकरी. जन्म १६७४ सालचा, मृत्यू १७४१ सालचा. १७०१ च्या सुमारास त्याने घोड्याने ओढायचे एक पेरणीयंत्र तयार केले. ते एका वेळी तीन ओळी पेरीत असे, म्हणजे आपल्या भाषेत ती तिफणच झाली; फक्त बाईच्या मुठीचे काम तिथे यंत्र करी. ही युक्ती त्याला सुचली कुठून, ते ऐकण्यासारखे आहे. चर्चमध्ये ऑर्गन नावाचे मोठे वाद्य असते. त्याच्या पोटात वारा सोडण्याची नि अडविण्याची जी खाच, जीभ आणि कमान असते, ती पाहून त्याने बी सोडण्याची योजना केली. त्यानंतर नव्वदएक वर्षांनी कॅप्टन हॅल्कॉट नावाच्या एका इंग्रज अधिकाऱ्याने दक्षिण हिंदुस्थानात आपले नळ्यांचे पेरणीयंत्र शेतात चालताना पाहिले आणि त्याला नवल वाटले, कारण तोवर तो ते युरोपातले नवे संशोधन समजत होता. असो.

आता तुम्ही म्हणाल, व्याख्यान तबकडीचे आणि गोष्ट तिफणीची, हा काय प्रकार? तर त्याचे असे आहे, की १९६८ सालच्या आरंभी लंडनच्या क्लबांतून वाजविणाऱ्या एका तरुण वाद्यवृंदाला नावच ठरत नव्हते. एका क्लबात वाजवून लोकांना आवडले नाही, की पुढच्या वेळी दुसऱ्या नावाने जायचे, अशी त्यांची रीत होती. त्यांचे कार्यक्रम ठरविणाऱ्या कचेरीत इतिहासाचा अभ्यास केलेला एक गृहस्थ होता. त्याने एका खेपेला जेथ्रो टल हे नाव दिले. नेमका त्याच वेळी मार्की क्लबातला कार्यक्रम पसंत पडला, त्यांना पुन्हा बोलावणे आले, आणि नाव कायमचे चिकटले. नाव देणाराने इतिहास वाचलेला होता. घेणारांनी वाचलेला नव्हता. हा खराखुरा माणूस होऊन गेला आहे हे त्यांना मागाहून कळले.

हे लोक जे संगीत वाजवीत त्याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. पुरोगामी रॉक म्हणायलाही हरकत नाही. मात्र राजकारणातल्या पुरोगामित्वाशी त्याचा संबंध जोडू नये. १९६० नंतरच्या दशकात इंग्लंड-अमेरिकेतली तरुणांची गाणी तीन-साडेतीन मिनिटांची असत, ठेका सरळ, नाचायला सोपी. दशक संपता संपता काही वादकांना हे अंगण अपुरे पडू लागले. त्यांनी पाश्चात्त्य अभिजात संगीतातून, खेड्यापाड्यांच्या लोकगीतांतून, जाझमधून हवे ते उचलले, लयीचे हिशेब अवघड केले आणि दहा दहा, वीस वीस मिनिटांच्या रचना बांधल्या. किंग क्रिमसन, यस, जेनेसिस, पिंक फ्लॉइड ही त्यांतली गाजलेली नावे. मोठी एल.पी. तबकडी हेच त्यांचे खरे रंगमंदिर. तिची एक बाजू म्हणजे नाटकाचा एक अंक; सुई उचलून तबकडी उलटली, की दुसरा अंक सुरू. १९७५-७६ पर्यंत या संगीताचा भर होता, पुढे आडदांड, सोपी, रागीट गाणी म्हणणारी नवी पिढी आली आणि हे लोक एकदम म्हातारे ठरले.

जेथ्रो टल वृंदाचा पुढारी इयन अँडरसन. जन्म १९४७ सालचा, स्कॉटलंडमधला. मोठा झाला तो ब्लॅकपूल या समुद्रकाठच्या गावी. आधी तो गिटार वाजवी. १९६७ साली त्याने ती दुकानात देऊन बदल्यात बासरी आणली. ही बासरी आपली बांबूची नव्हे. धातूची, कळा असलेली, आडवी धरायची. गुरू नाही, पुस्तक नाही, आपली आपण वाजवायला शिकला, आणि फुंकर घालता घालता घशातून हुंकार काढण्याची त्याची खास तऱ्हा झाली. एका पायावर उभे राहून तो वाजवी, ते चित्र जगभर गेले. पुढे १९९० नंतर त्याची मुलगी शाळेत बासरी शिकू लागली तेव्हा लक्षात आले, की वडिलांची बोटे इतकी वर्षे भलत्याच कळांवर पडत आहेत. तेव्हा पन्नाशीच्या घरात असलेल्या या जगप्रसिद्ध माणसाने पहिल्यापासून बोटे बसविली. ही गोष्ट मी शिक्षकांपुढे मुद्दाम सांगतो.

ज्या तबकडीविषयी आज बोलायचे ती मार्च १९७१ मध्ये निघाली. नाव ‘ॲक्वालंग’. पाण्याखाली श्वास घेण्यासाठी पाणबुड्याच्या पाठीवर जे उपकरण बांधतात त्याचे हे व्यापारी नाव. १९४३ साली फ्रान्समध्ये कूस्तो आणि गान्यँ यांनी ते बनविले. तबकडीवरचा ॲक्वालंग मात्र पाणबुड्या नाही, लंडनमधला एक बेघर म्हातारा आहे. फाटका ओव्हरकोट, वाढलेली दाढी, थंडीने कफ साचून छातीत घरघर; ती घरघर पाण्याखालच्या श्वासासारखी वाटते म्हणून हे नाव. अँडरसनची त्या वेळची पत्नी जेनी हिने थेम्स नदीच्या काठी राहणाऱ्या बेघर लोकांची छायाचित्रे काढली होती. त्यांतल्या एकावरून हे गाणे झाले, आणि त्याचे शब्द दोघांनी मिळून लिहिले. बर्टन सिल्व्हरमन या अमेरिकन चित्रकाराने वेष्टणावर त्या म्हाताऱ्याचे जलरंगातले चित्र काढले. ते इतके अँडरसनसारखे दिसले, की लोक त्यालाच तो भिकारी समजू लागले. ते चित्र त्याला कधीच आवडले नाही.

तबकडीवर एकंदर अकरा गाणी आहेत, सगळी मिळून त्रेचाळीस मिनिटांच्या आसपास. दुसऱ्या बाजूचा सूर धर्माविषयी आहे. देवाविषयी नव्हे, देवाचा कारभार पाहणाऱ्यांविषयी. शेवटचे ‘वाइंड-अप’ हे गाणे एका शाळकरी मुलाच्या तोंडी आहे. घड्याळाला चावी द्यावी तसा आठवड्यातून एकदा भक्तिभाव चालू करायचा, ही जी शाळेतली शिकवण, तिच्यावर त्याचा रोख आहे, आणि त्यात हेडमास्तरांचीही गय केलेली नाही. ‘लोकोमोटिव्ह ब्रेथ’ हे सर्वांत गाजलेले गाणे सुटलेल्या आगगाडीचे. वाढती लोकसंख्या आणि वाढता हव्यास यांची ती गाडी, असे अँडरसनने पुढे सांगितले आहे. पण मला स्वतःला यांतली लहान गाणी अधिक मोलाची वाटतात. ‘चीप डे रिटर्न’ हे दीड मिनिटाचेही नाही. त्या नावाचे रेल्वेचे तिकीट असे: त्याच दिवशी जाऊन परत यायचे, भाडे कमी. वडील ब्लॅकपूलला दवाखान्यात होते. त्यांना भेटून मुलगा परत निघाला आहे, वाटेत प्रेस्टन स्टेशनच्या फलाटावर उभा आहे, आणि तिथल्या परिचारिका आपल्या म्हाताऱ्याचे नीट करीत असतील ना, एवढाच विचार त्याच्या मनात आहे. एक गिटार, एक आवाज, मागून हळूच येणारी तंतुवाद्ये. संपलेसुद्धा. कामासाठी मुंबई-पुण्याला राहून आजारी वडिलांना भेटायला गावी जाणाऱ्याला या गाण्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

अशी ही तबकडी. जगभर तिच्या सत्तर लाखांवर प्रती खपल्या असे सांगतात. आणि तरीही चाळीस वर्षे जाणकार मंडळींची तिच्याविषयी एक तक्रार होती: गाणी उत्तम, वादन उत्तम, आवाज मात्र वाईट. सगळे कसे पडद्याआडून आल्यासारखे. ढोलाचा आवाज खोक्यासारखा, गिटार बोथट, गळ्यावर मळभ.

याचे कारण शोधायला ध्वनिमुद्रण झाले त्या जागी जावे लागते. लंडनमध्ये बेसिंग स्ट्रीटवर एक जुने प्रार्थनामंदिर होते. आयलंड नावाच्या कंपनीने ते घेऊन १९७० च्या सुमारास तिथे स्टुडिओ केला. तिथे दोन दालने होती, एक मोठे, एक लहान. १९७० च्या डिसेंबरात टल मंडळींना मोठे दालन मिळाले, आणि लहान दालनात त्याच वेळी लेड झेपलिन हा दुसरा विख्यात वृंद आपली चौथी तबकडी करीत होता. वाटणीत मोठी खोली मिळाली म्हणजे भाग्य, असे आपल्याला वाटेल. पण प्रार्थनेसाठी बांधलेल्या उंच दालनात आवाज घुमतो, फिरतो, परतून येतो. प्रवचनाला ते बरे. ढोल नि विजेच्या गिटारीला नव्हे. शिवाय स्टुडिओ नवा, यंत्रे नवी, त्यांचे अंग अजून बसायचे होते. वृंदात बास गिटार वाजविणारा जेफ्री हॅमंड हा अँडरसनचा शाळासोबती. मूळचा चित्रकार, वादनात अगदी नवखा. ‘लोकोमोटिव्ह ब्रेथ’ एकत्र वाजवून साधेना, तेव्हा अँडरसनने आधी स्वतः ढोल आणि झांज यांचा ठेका मुद्रित केला आणि बाकीचे एकेक वाद्य त्यावर चढवीत गेले. गिटारवादक मार्टिन बार याने आणखी एक गंमत सांगितली आहे. मुख्य गाण्यातला एकट्या गिटारीचा भाग तो वाजवीत असताना शेजारच्या वृंदाचा जिमी पेज आत आला आणि काचेपलीकडून हात हलवू लागला. आता हात हलवून उत्तर द्यावे तर वादन बिघडते! बार वाजवीत राहिला, आणि तेच वादन तबकडीवर गेले.

इथे थोडे यंत्राविषयी बोलले पाहिजे, नाहीतर पुढची गोष्ट कळणार नाही. आपल्या गावातले भजनी मंडळ घ्या. बुवा गातात, पेटी आहे, पखवाज आहे, पंधरा जणांचे टाळ आहेत. सर्वांपुढे एकच माइक ठेवून मुद्रण केले आणि पखवाजाने बुवांचा आवाज गिळला, तर मागाहून कोणी काही करू शकत नाही. पण समजा, प्रत्येकापुढे वेगळा माइक ठेवला आणि रुंद चुंबकीय फितीवर प्रत्येकाचा आवाज वेगळ्या पट्टीत साठविला. मग भजन संपल्यावर, मंडळी घरी गेल्यावरसुद्धा, पखवाज थोडा उतरवून बुवांना पुढे आणता येते. या पट्ट्यांतून शेवटी डावी आणि उजवी अशा दोनच वाटा करायच्या, यालाच मिक्सिंग म्हणतात, आपण मिश्रण म्हणू. ते झाले, की त्या दोन वाटांची फीत तबकडी कापण्यासाठी तयार करायची. खर्ज फार झाला तर खाच रुंद होते नि सुई उडते; बाजू लांबली तर आवाज लहान ठेवावा लागतो. हा शेवटचा संस्कार म्हणजे मास्टरिंग.

म्हणजे तीन पायऱ्या झाल्या: पट्ट्यांची मूळ फीत, तिच्यावरून मिश्रण, मिश्रणावरून तबकडी. जुन्या तबकडीची नवी, सुधारलेली आवृत्ती म्हणून बाजारात जे येते, ते बहुधा तिसऱ्या पायरीवरचे काम असते. त्याला रीमास्टरिंग म्हणतात. ते म्हणजे शिजून झालेल्या आमटीत मीठ-पाणी वाढविणे. चव थोडी सुधारेल, पण आमटीतून डाळ वेगळी काढता येत नाही. ‘ॲक्वालंग’ची रौप्यमहोत्सवी आवृत्ती १९९६ साली निघाली ती याच जातीची होती. थोडी उजळ झाली, पण मळभ गेले नाही, कारण मळभ दुसऱ्या पायरीवरच शिरले होते. त्या काळात आणखी एक खूळ बोकाळले होते. ध्वनिचकतीवर सर्व आवाज सारखाच मोठा करून ठेवायचा, म्हणजे दुकानात लावली की ती शेजारच्या चकतीपेक्षा दणदणीत वाटते. यात हळू आणि मोठ्या आवाजातले अंतरच मरते. ज्या संगीताचा जीव त्या अंतरात आहे त्याचे यात काय होणार, ते सांगायला नको.

आमच्यासारख्यांनी तर तिसऱ्या पायरीच्याही खालचे ऐकले. १९९० नंतरच्या दशकात मी कॉलेजात असताना वसतिगृहात ही तबकडी कॅसेटच्या रूपाने फिरत होती. कोणाच्या तरी मुंबईच्या मामाकडची एल.पी., तिच्यावरून एक कॅसेट, त्या कॅसेटवरून दुसरी, तिच्यावरून आमची. दर नकलेला सूंऽऽ असा वारा वाढत जायचा. त्या वाऱ्यातूनही गाणी आमच्यापर्यंत पोचली, हे त्या गाण्यांचे सामर्थ्य.

२०११ साली तबकडीला चाळीस वर्षे झाली. त्या निमित्ताने दुसऱ्या पायरीवर, म्हणजे थेट मूळ पट्ट्यांकडे जायचे ठरले. काम सोपविले ते स्टीव्हन विल्सन या इंग्रज संगीतकाराकडे. हा स्वतः याच परंपरेतला वादक-गायक; जन्म १९६७ सालचा, म्हणजे तबकडी निघाली तेव्हा तो तीन वर्षांचा होता. किंग क्रिमसनच्या जुन्या तबकड्यांचे नवे मिश्रण त्याने २००९ पासून सुरू केले होते. पद्धत शिस्तीची. पट्ट्या संगणकात उतरवायच्या, जुने मिश्रण शेजारी लावायचे, कोणते वाद्य कुठे, किती, कधी येते हे त्याच्याशी ताडून पाहायचे, आणि मग त्याच आराखड्यावर नवे मिश्रण बांधायचे. आपल्या मनचे काही घालायचे नाही. अँडरसनच्या संमतीने हे काम झाले आणि २०११ च्या ऑक्टोबरअखेर बाहेर आले.

लोकांनी ऐकले आणि थक्क झाले. मूळ पट्ट्यांवर आवाज चांगलाच होता! जे चाळीस वर्षे वाईट मुद्रण म्हणून सांगितले जात होते, ते बरेचसे वाईट मिश्रण निघाले. त्या घुमणाऱ्या दालनात पाच माणसांनी जे वाजविले होते ते फितीवर नीट उतरलेले होते. वाटेत हरवले होते.

काय सापडले, ते एका उदाहरणाने सांगतो. तबकडीचे नाव ज्यावर आहे ते पहिले गाणे घ्या. (या गाण्यात बासरी मुळीच नाही, ही त्यातली आणखी एक मौज.) आरंभी गिटारीचे सहा स्वर, दणकून. त्यांवर गायक त्या म्हाताऱ्याचे वर्णन करतो ते रस्त्यावरच्या चार लोकांच्या नजरेने, किळस आल्यासारखे. मग एकाएकी सगळे थांबते. साधी लाकडी गिटार राहते, आवाज टेलिफोनमधून आल्यासारखा दूरचा होतो, आणि आता तोच म्हातारा माणूस म्हणून दिसू लागतो: एकटा, पाय दुखणारा, थंडीत कुठे ऊब मिळते ते शोधणारा. गाण्याचे सारे मर्म या वळणात आहे. आधी आपण त्याच्याकडे लोकांसारखे पाहतो, मग आपलीच आपल्याला लाज वाटते. जुन्या मिश्रणात दणका पुरेसा दणकत नाही आणि शांतता पुरेशी शांत होत नाही. दोन्हींवर एकच राखाडी रंग चढलेला. शब्द ऐकून वळण कळते, पण कानाला ते बसत नाही. नव्या मिश्रणात ते बसते. टेलिफोनसारखा केलेला आवाज विल्सनने तसाच ठेवला आहे, कारण तो मुद्दाम केलेला होता. फक्त त्याच्या भोवतीचे नको असलेले धुके गेले, म्हणून तो मुद्दाम केलेला आहे हे आता कळते. ‘चीप डे रिटर्न’मधली तंतुवाद्ये, डी पामर यांनी योजिलेली, तीही आता गिटारीपासून सुटी, हाताने वेगळी करावीत अशी ऐकू येतात.

इतके झाल्यावर वाद संपायला हवा होता. पण इतिहासाच्या माणसाचा खरा प्रश्न इथेच सुरू होतो. मी वर्गात ही दोन्ही मिश्रणे एकापाठोपाठ लावली, तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, “सर, मग यातली मूळ तबकडी कोणती?”

आपल्याकडे पोथ्यांच्या बाबतीत हा प्रश्न जुना आहे. ज्ञानेश्वरीत नकला होता होता अपपाठ शिरले, म्हणून एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, प्रती ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली आणि तीत पुढे कोणी आपल्या ओव्या घालू नयेत असे बजावून ठेवले. आपल्या मनचे न घालण्याची विल्सनची शिस्त या घराण्यातली आहे, असे म्हणता येईल. परंतु एक मोठा भेद आहे. ज्ञानेश्वरीतले अपपाठ नकलाकारांचे होते. ‘ॲक्वालंग’चे १९७१ चे मिश्रण नकलाकाराने बिघडविलेले नव्हे, ते खुद्द अँडरसन आणि त्याचे सहकारी यांनी केले, पसंत केले, आपल्या नावाने छापले. कवीनेच ज्या प्रतीवर सही केली तिला अपपाठ कसे म्हणावे? आणि लाखो लोकांनी जी ऐकली, जिच्यावरून या वृंदाला कीर्ती मिळाली, ती तबकडी हीच, धुक्यासह.

काही जुने श्रोते म्हणतात, आम्हाला तेच धुके प्रिय आहे. लंडनची थंडी, नदीकाठचा म्हातारा, त्याला ते शोभते. हे बोलणे हसण्यावारी नेऊ नये. माझे मत मात्र असे आहे, की धुके प्रिय असणे वेगळे आणि धुके कलाकाराला अभिप्रेत होते असे म्हणणे वेगळे. अँडरसनने त्या स्टुडिओविषयी आणि त्या आवाजाविषयीची नाराजी पुन्हा पुन्हा बोलून दाखविली आहे. तेव्हा एकाच जागी दोन सत्ये आहेत: त्या हिवाळ्यात दालनात काय वाजविले गेले हे एक, आणि त्यानंतर चाळीस वर्षे जगाने काय ऐकले हे दुसरे. पहिल्यासाठी मी २०११ चे मिश्रण लावीन, दुसऱ्यासाठी १९७१ चे. नव्याच्या आनंदात जुने बाजारातून काढून घेतले, तर मात्र मी त्याला चोरी म्हणेन. असे पुष्कळ तबकड्यांच्या बाबतीत घडते. दुकानात, फोनवर, जिथे तिथे नवी आवृत्ती तेवढी मिळते, आणि जुनी कशी होती हे सांगायला म्हातारी माणसे उरतात.

आणि हे सगळे शक्य झाले ते कशामुळे? मूळ फिती कोणीतरी फेकून दिल्या नाहीत म्हणून. चुंबकीय फीत ही नाजूक वस्तू आहे. तिच्यावरचा लेप दमट हवेने चिकट होतो. १९७५ नंतरच्या काही फिती तर मंद आचेवर तापविल्याशिवाय वाजवताच येत नाहीत, आणि तेही फार वेळा करता येत नाही. १ जून २००८ रोजी अमेरिकेत हॉलिवूडला युनिव्हर्सल स्टुडिओत आग लागली. तिथल्या कोठारात ध्वनिमुद्रणांच्या मूळ फिती होत्या. ते नुकसान केवढे होते याची चर्चा २०१९ साली वृत्तपत्रांतून उघड झाली. नेमक्या किती फिती गेल्या यावर वाद आहे. पण जी गेली तिच्या तबकड्या जगात लाख असोत, तिच्यासाठी कोणी विल्सन आता काही करू शकत नाही. आमटी आहे, डाळ गेली.

टल मंडळींचा आपल्या मुलखाशीही एकदा संबंध आला, तो दुःखाच्या प्रसंगी. २९ नोव्हेंबर २००८ रोजी अनुष्का शंकर यांच्यासह त्यांचा मुंबईत कार्यक्रम ठरला होता. २६ तारखेला मुंबईवर दहशतवाद्यांचा हल्ला झाला आणि कार्यक्रम रहित करावा लागला. मंडळी परत आली. ५ डिसेंबरला तोच कार्यक्रम हल्ल्यातील पीडितांच्या मदतीसाठी झाला. अँडरसनचे शेतीशीही नाते जडले, पण ते माशांच्या शेतीशी. १९७८ साली त्याने स्कॉटलंडमधल्या स्काय बेटावर जमीन घेतली आणि पुढे तिथे सामन माशांची पैदास केली.

विल्सनचे मिश्रण २०१६ साली पुन्हा नव्या आवृत्तीत निघाले, आणि तीत चांगली गोष्ट अशी, की १९७१ चे मूळ मिश्रणही, काही फेरफार न करता, सोबत दिलेले आहे. ज्या शाळेत संगणक आणि बरे ध्वनिवर्धक आहेत तिथे हा प्रयोग सहज करता येईल. ‘चीप डे रिटर्न’ दोनदा लावायला तीन मिनिटे पुरतात. आधी १९७१ चे लावावे, मग २०११ चे. गाण्याचा अर्थ आधी सांगू नये. तंतुवाद्ये पहिल्या वेळी कोणाला ऐकू आली आणि दुसऱ्या वेळी कोणाला, एवढेच मुलांना हात वर करून सांगायला लावावे.